लाइन पुन्हा पुन्हा तुंबते तेव्हा: जमिनीखालचं ड्रेनेज आणि पाण्याचा पाइप शोधून दुरुस्त करणं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तळमजल्यावरच्या संडास-बाथरूमची लाइन दर दोन-तीन महिन्यांनी तुंबते, स्प्रिंग (तुंबलेल्या पाइपात ढकलायची लवचिक तार) मारली की मोकळी होते आणि पुन्हा तुंबते. आता अंगणात, त्याच लाइनच्या वाटेवर, एक पट्टा कायम ओला राहायला लागला आहे आणि पिण्याच्या पाण्याचा पाइपही तिथूनच जातो. फरशी फोडावी का, सगळी लाइन बदलावी का, आणि यातलं घरच्या घरी किती करता येईल?

आधी उत्तर देतो. फरशी इतक्यात फोडू नका. सगळी लाइन बदलायची वेळ क्वचितच येते. बिघाड बहुधा मीटर-दीड मीटरच्या तुकड्यात असतो आणि तो तुकडा कुठला हे कुदळ हातात घेण्याआधी कळू शकतं. ओल्या पट्ट्याचं मात्र आजच बघायला घ्या. आणि एक गोष्ट मनाशी धरा: मैला, कागद, केस, साबण हे सगळ्यांच्याच लाइनमधून जातं. तुमच्याकडेच ते दर वेळी अडकतं, म्हणजे तिथे अडकायला जागा झाली आहे. स्प्रिंग मारून तुम्ही अडकलेला माल काढता, ती जागा तशीच राहते.

पाण्याच्या पाइपापासून सुरुवात करू. रात्री सगळे नळ बंद करा, टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह वर बांधून ठेवा आणि मीटर असेल तर त्यावरची बारीक चांदणी किंवा चकती बघा. ती अगदी हळू का होईना फिरत असेल तर मीटरच्या पुढे कुठेतरी पाणी जातंय. मग पाइप घरात शिरतो तिथला मेन व्हॉल्व्ह बंद करा. तरीही चकती फिरतच राहिली तर गळती जमिनीखालच्या तुकड्यात आहे. थांबली तर घरात आहे, आणि घरात बहुतेक वेळा फ्लशची टाकी गुपचूप वाहत असते. मीटर नसेल आणि टाकीपासूनची लाइन जमिनीतून येत असेल तर टाकीतल्या पातळीवर खूण करून सकाळी ताडून बघा. दोन मिलिमीटरचं भोक किरकोळ वाटतं, पण टाकी दहा मीटर उंच असेल तर त्यातून दिवसाला सुमारे दोन हजार लिटर पाणी जातं, त्यामुळे पातळीतला फरक डोळ्याला दिसतोच.

ओल नळाच्या पाण्याची आहे की ड्रेनेजची, हे ती कधी वाढते यावरून कळतं. ड्रेनेजची ओल आंघोळी, कपडे धुणं यांच्यानंतर वाढते आणि घर दोन दिवस बंद राहिलं तर ओसरते. पाण्याच्या पाइपाची ओल तुमच्या वापराशी संबंध ठेवत नाही. पाइपात दाब असेल तोवर ती वाढत राहते. पुरवठ्याच्या पाण्यात क्लोरीन असेल तर आणखी एक सोपी परीक्षा आहे. तिथे छोटा खड्डा करून साचलेलं पाणी घ्या आणि क्लोरीन तपासायच्या किटचे थेंब टाका. रंग आला तर ते नळाचंच पाणी. रंग आला नाही म्हणून मात्र निष्कर्ष काढू नका, कारण मातीतल्या सेंद्रिय पदार्थांत क्लोरीन लवकर संपून जातं.

घाई करायला सांगतोय त्याचं कारण असं. फुटलेल्या पाइपातून पाणी फक्त बाहेर येतं असं आपण धरून चालतो. पुरवठा ठरावीक वेळी येत असेल किंवा मेन व्हॉल्व्ह बंद-चालू होत असेल तर पाइप रिकामा होताना आत ओढ तयार होते आणि त्याच भोकातून भोवतालचं पाणी आत खेचलं जातं. भोवती ड्रेनेजची गळती असेल तर काय आत येतं हे सांगायला नको. पाणी आल्या आल्या पहिली काही मिनिटं ते गढूळ असेल, त्याला वास असेल किंवा घरात पोट बिघडण्याच्या तक्रारी सुरू झाल्या असतील, तर ही लाइन दुरुस्त होईपर्यंत ते पाणी पिण्यासाठी घेऊ नका. दुसरीकडून आणा, आणि तेही उकळून. ड्रेनेज आठवडाभर थांबू शकतं, हे थांबू शकत नाही.

आता ड्रेनेज. सगळ्यात उत्तम मोजमापाचं यंत्र तुमच्या अंगणात आधीच आहे, ते म्हणजे चेंबर. लाइन तुंबलेली असतानाच, काही ढोसण्याआधी, घरापासून बाहेरपर्यंतची सगळी झाकणं एकामागून एक उघडा. पहिलं चेंबर भरलेलं आणि दुसरं कोरडं असेल तर अडथळा त्या दोघांच्या मधे. सगळीच भरलेली असतील तर अडथळा तुमच्या हद्दीच्या शेवटाला, सार्वजनिक गटारात किंवा सेप्टिक टँकच्या तोंडाशी आहे. अशा वेळी घरातून कितीही स्प्रिंग मारली तरी उपयोग नाही. पहिलंच चेंबर कोरडं आणि तरीही संडासाचं भांडं भरतंय, तर अडथळा भांडं आणि पहिलं चेंबर यांच्या मधे आहे. फक्त एकच बेसिन किंवा एकच नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या फरशीतली पाणी जायची जाळी आणि तिच्याखालचा वाकडा भाग) हळू उतरत असेल तर जमिनीखालच्या लाइनचा काही दोष नाही, तो ट्रॅप साफ करा आणि विषय संपवा. फ्लश केल्यावर नहाणी ट्रॅपमधून गुडगुड आवाज येतो का, तेही ऐका. तो आवाज म्हणजे पाण्यापुढची हवा निघायला वाट नाही: एक तर लाइन अर्धी बुजली आहे, नाही तर व्हेंट पाइप, म्हणजे लाइनमधली हवा वर सोडणारा उभा पाइप, बंद आहे. व्हेंटच्या तोंडात पक्ष्याचं घरटं किंवा पाला असणं नवलाचं नाही, जाळी काढून बघा.

झाकण उघडताना काही पथ्यं पाळायचीच. झाकण उघडून दहा-पंधरा मिनिटं लांब थांबा. काडी, लायटर, सिगारेट जवळ नको, आत मिथेन असू शकतो. चेंबरमध्ये डोकं घालून वाकू नका. सेप्टिक टँकमध्ये किंवा खोल मॅनहोलमध्ये कोणीही, कुठल्याही कारणाने उतरायचं नाही. मोबाइल पडला तरी नाही, हौशी माणसाला पैसे देऊनही नाही. तिथे हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असताना कुजक्या अंड्यासारखा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकाला वास जाणवायचाच बंद होतो आणि माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. टाकी उपसायची असेल तर ती वरूनच, पंप लावलेल्या टँकरनेच उपसायची. हातमोजे, बूट आणि डोळ्यांना चष्मा, हे तर साध्या चेंबरच्या कामालाही हवंच.

स्प्रिंगबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बहुतेक जण तिचा निम्माच उपयोग करतात. बेसिनच्या बारीक पाइपाला सहा ते दहा मिलिमीटर जाडीची स्प्रिंग चालते. ११० मिलिमीटरच्या मुख्य लाइनमध्ये ती गोळा होऊन परत फिरते, तिथे १६ मिलिमीटरच्या आसपासची, जोडतुकड्यांची आणि यंत्रावर फिरणारी लागते. यंत्र वापरणार असाल तर ते विजेच्या गळतीला लगेच तुटणाऱ्या सुरक्षा स्विचवरच जोडा, पाय ओल्यात असतात. ढकलताना स्प्रिंग एकाच दिशेने फिरवायची, कारण उलट फिरवली तर जोड आत सुटतात आणि तुकडा लाइनमध्ये राहतो. स्प्रिंग अडली की जोर लावायच्या आधी हाताला काय लागतंय ते समजून घ्या. टणक लागून किंचित वळतेय तर तो बेंड आहे. गादीत रुतल्यासारखी दबून परत येते तर कापड, केस किंवा मुळं. कडक ठोकर लागते आणि पुढे जातच नाही तर सिमेंटचा गोळा, विटेचा तुकडा किंवा बसलेला पाइप. आणि बाहेर आलेल्या टोकाला काय लागलंय तेही बघा: माती किंवा वाळू आली तर पाइप कुठेतरी उघडा आहे, ही फार मोलाची खूण आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, जिथे अडलं तिथे स्प्रिंगला चिकटपट्टी गुंडाळून खूण करा. बाहेर काढल्यावर टोकापासून त्या पट्टीपर्यंतचं अंतर मोजा आणि वहीत तारीख घालून लिहा. पुढच्या वेळी पुन्हा तेवढ्याच अंतरावर अडली तर शंका ठेवू नका, दोष त्या जागी आहे. दर वेळी अंतर वेगळं येत असेल तर दोष एका जागी नाही. उतार कमी आहे किंवा लाइनमध्ये जे जाऊ नये ते जातंय: ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड, डायपर. पाकिटावर ‘फ्लश करता येईल’ असं लिहिलेले वाइप्सही टॉयलेट पेपरसारखे विरघळत नाहीत, जोडाच्या कडेला अडकून त्यांचा दोर वळतो.

लाइन मोकळी करायला शक्य असेल तर कोरड्या चेंबरकडून, म्हणजे खालच्या बाजूने वर ढकला. अडथळा फुटला की वर साचलेलं सगळं पाणी एका झटक्यात येतं आणि गाळ धुऊन नेतं. भरलेल्या चेंबरमधून ढकललं तर तुम्ही माल आणखी आत दाबता आणि काय चाललंय ते दिसतही नाही. फक्त चेंबरच्या सरळ समोर उभं राहू नका, बाजूला राहा. चेंबरमधून बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी जाळी धरा, म्हणजे सुटलेलं कापड पुढे जाऊन दुसरीकडे अडकणार नाही. जाळीत काय सापडलं ते बघितल्याशिवाय फेकू नका, पुढच्या निदानाचं अर्धं काम त्यातच असतं.

प्रेशर वॉशरला लावायची ड्रेन होज मिळते. तिच्या नोझलची छिद्रं मागच्या बाजूला असतात, त्यामुळे पाण्याच्या धक्क्याने ती स्वतःच पुढे सरकते आणि परत ओढताना पाइपाच्या आतल्या भिंतीवर साचलेल्या तेल-चरबीचं मेण खरवडून आणते. तेलकट थरासाठी मला ही स्प्रिंगपेक्षा कितीतरी चांगली वाटते. स्प्रिंग मेणात भोक पाडते, ते भोक महिन्याभरात बुजतं. नोझल पाइपात निदान हातभर गेल्याशिवाय यंत्र चालू करायचं नाही आणि ती बाहेर यायच्या आधी बंद करायचं. होजवर तशी खूण करा. घरगुती यंत्राचा दाब भरपूर असला तरी पाणी कमी असतं, म्हणून मधूनमधून वरून बादल्या ओतत राहा, नाहीतर सुटलेला गाळ खाली जाऊन बसतो. आणि पाइप फुटल्याची शंका असेल, स्प्रिंगला माती आली असेल, तर जेट मारू नका. भेगेतून बाहेर गेलेली धार पाइपाखालची माती पोखरते आणि छोट्या दुरुस्तीचं मोठं खोदकाम होतं.

रसायनांना माझा विरोध आहे आणि तो अंदाधुंद नाही. कॉस्टिक सोडा पाण्यात पडला की प्रचंड तापतो. यूपीव्हीसीचा (कडक प्लास्टिकचा) पाइप साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंतच सुखाने काम करतो, त्यावर मऊ पडून वाकतो. म्हणून उकळतं पाणी ओतायचाही सल्ला मी देत नाही. ॲसिड चेंबरचं प्लास्टर आणि सिमेंटचे जोड खातं. शिवाय पूर्ण तुंबलेल्या लाइनमध्ये हे रसायन अडथळ्यापर्यंत पोचतच नाही, वरच साचतं, आणि मग तुम्ही किंवा तुमचा प्लंबर त्यात हात घालतो. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. ओतलंच असेल तर पुढे काम करणाऱ्याला आधी सांगा, हे तुमचं त्याच्याप्रतीचं कर्तव्य आहे.

लाइन मोकळी झाली की बहुतेक लोक झाकण लावून टाकतात. तुमच्यासारख्या प्रकरणात खरं काम इथून सुरू होतं, कारण पाइप रिकामा आणि धुतलेला असतानाच त्याच्या आत बघता येतं. एका चेंबरमध्ये पाइपाच्या तोंडाशी टॉर्च धरा, दुसऱ्यात तिरका आरसा धरून त्यात बघा. पाइप सरळ असेल तर उजेडाचं पूर्ण वर्तुळ दिसतं. वर्तुळाची खालची बाजू कापल्यासारखी दिसली तर तिथे पाणी किंवा गाळ बसलाय. वर्तुळ अर्धचंद्रासारखं दिसलं तर पाइप सरकला किंवा वाकला आहे. नवी लाइन तपासायची ही जुनी आणि पक्की पद्धत आहे, तिला यंत्र लागत नाही. तिच्याच जोडीची दुसरी परीक्षा म्हणजे पाइपाच्या आतल्या व्यासापेक्षा १३ मिलिमीटरने लहान चेंडू वरून सोडायचा; तो स्वतःच्या वजनाने गडगडत खाली आला तर आत सॉल्व्हंटचा (प्लास्टिकचे जोड चिकटवायच्या द्रावाचा) ओघळ किंवा सिमेंटची कड नाही. चेंडूला दोरा बांधा, म्हणजे अडला तर तोही परत येईल आणि अंतरही कळेल.

लांब वायरचा कॅमेरा मिळाला तर फारच छान. तो नेताना वरून पाण्याची बारीक धार चालू ठेवा. कॅमेरा चालता चालता पाण्याखाली गेला आणि मीटरभराने पुन्हा वर आला, तर तिथे पाइपाला पोट आलंय: खालची भरणी बसल्याने मधला भाग खचलाय. तिथे पाणी साचतं, वेग मरतो, जड माल तळाला बसतो. जोडातून आत आलेली तांबूस-पांढरी तंतूंची झुलपी दिसली तर ती मुळं. वड, पिंपळ, उंबर या जातीची झाडं जवळ असतील तर विशेष लक्ष द्या. ती ओलीच्या मागावर जोडाच्या केसाएवढ्या फटीतून शिरतात आणि आत जाऊन जाड होतात. कटरने कापली की पुन्हा फुटतात, कारण फट तशीच असते. जोड बदलणं हाच त्यावर उपाय.

आता उतार, कारण माझ्या मते जमिनीखालच्या निम्म्या कटकटी इथून येतात. ११० मिलिमीटरच्या पाइपाला ४० ला १ असा ढाळ हवा, म्हणजे मीटरमागे २५ मिलिमीटर; जागा नसेल तर ६० ला १ पर्यंत चालतं. १६० मिलिमीटरच्या पाइपाला याहून कमी पुरतो. पाणी पाइपात सेकंदाला साधारण पाऊण मीटर वेगाने गेलं तरच ते सोबतचा माल उचलून नेतं, हा या आकड्यांमागचा हिशेब आहे. तुमच्या दोन चेंबरमधलं अंतर आठ मीटर असेल तर दोन तोंडांच्या तळात २०० मिलिमीटरचा फरक हवा. तो पारदर्शक लेव्हल ट्यूबने घरच्या घरी मोजता येतो: ट्यूबमध्ये बुडबुडे राहू देऊ नका, दोन्हीकडे पाण्याच्या पातळीपासून पाइपाच्या तळापर्यंत खाली मोजा आणि वजाबाकी करा. टोकाचा उतार बरोबर निघाला तरी मधे पोट असू शकतं, म्हणून आरसा-कॅमेरा आधी.

चेंबरच्या आतही बघा. तळ सपाट असेल तर मैला तिथेच पसरतो, वाळतो आणि थराथराने पाइपाचं तोंड बुजवतो. तळाला पाइपाच्या रेषेत अर्धगोल नाली आणि दोन्ही बाजूंनी नालीकडे उतरता गिलावा हवा. हे एका दिवसाचं गवंडीकाम आहे आणि पुष्कळ वेळा तेवढ्यानेच तक्रार थांबते. बाहेर जाणाऱ्या दिशेला काटकोनात मिळणारी शाखा, ‘वाय’च्या जागी बसवलेला ‘टी’, जमिनीखाली सरळ ९० अंशाचा बेंड: हे सगळे अडथळ्याचे हमखास अड्डे. खोदाल तेव्हा ९० च्या जागी ४५ चे दोन बेंड लावा आणि वळणाजवळ झाकणाचा डोअर बेंड किंवा डोअर टी ठेवा, म्हणजे पुढे कधी हात घालावा लागला तर वाट असेल.

खोदायचं ठरलं की आधी तिथून वीज, गॅस, पंपाची केबल काही जाते का याची खात्री करा. शेवटचे २०-३० सेंटिमीटर कुदळ नको, खुरपं आणि हात. खड्डा सव्वा मीटरच्या खाली जाणार असेल तर बाजूंना फळ्या-आधार देऊनच उतरा. एक घनमीटर माती दीड-दोन टन भरते आणि कंबरेपर्यंत गाडलेला माणूसही ओढून निघत नाही. काढलेली माती खड्ड्याच्या कडेपासून लांब टाका. दोष दिसला की दोन्ही बाजूंना चांगला पाइप लागेपर्यंत उघडा आणि फुटलेल्या जागेच्या पुढे-मागे हातभर सोडून सरळ, चौकोनी छेद घ्या. भेगेवर इपॉक्सी पुट्टी किंवा सिमेंट लिंपून बुजवणारे बुजवतात; ओल्या पाइपावर ते धरत नाही आणि आतली कड तशीच राहते.

नवा तुकडा घालताना अडचण ही असते की दोन्ही टोकं जमिनीत घट्ट, सॉकेटमध्ये (पुढचा पाइप ज्यात बसतो त्या रुंद तोंडात) सरकवायला जागाच नाही. त्यासाठी सरकत्या कॉलर येतात, त्यांच्या आत मधला अडसर नसतो: कॉलर पूर्ण जुन्या पाइपावर सरकवून ठेवायची, नवा तुकडा बसवायचा आणि कॉलर परत अर्धी ओढून घ्यायची. कुठवर ओढायची त्याच्या खुणा आधीच करून ठेवा. रबर रिंगला साबणाचं पाणी लावा; तेल-ग्रीस लावू नका, काही रबर त्याने फुगतं. सॉल्व्हंटचा जोड फक्त कोरड्या, स्वच्छ, खरवडलेल्या पाइपावर धरतो. लाइन पूर्ण कोरडी ठेवणं शक्य नसेल, आणि चालत्या घरात ते नसतंच, तर रबर रिंगचाच जोड घ्या. जुना भाजलेल्या मातीचा किंवा बिडाचा पाइप नव्या प्लास्टिकला जोडायचा असेल तर स्टीलच्या पट्ट्यांचं रबरी कपलिंग वापरा. सिमेंटने भरलेला जोड ताठ असतो, जमीन थोडी हलली की त्याला चीर जाते.

पाइपाखाली १०० मिलिमीटर वाळू किंवा बारीक खडी पसरा आणि प्रत्येक सॉकेटच्या जागी थोडी उकरा, म्हणजे पाइप पूर्ण लांबीने टेकेल. नुसत्या सॉकेटवर टेकलेला पाइप पुढे तिथेच खचतो. तुमच्या लाइनला पोट आलं असेल तर ते बहुधा याच कारणाने. सॉकेटची तोंडं वरच्या बाजूला, म्हणजे पाणी येतं तिकडे असली पाहिजेत. उतार पुन्हा मोजा. मग भरणी करायच्या आधी खालचं तोंड फुगवता येणाऱ्या बुचाने बंद करून लाइन पाण्याने भरा आणि तासभर जोडांवर नजर ठेवा. कुठे ओल नसेल तर पाइपावर १५० मिलिमीटरपर्यंत वाळू, दोन्ही बाजूंना सारखी, हाताने दाबून. त्यावर दगड काढलेली माती थराथराने. यांत्रिक धुम्मस अगदी वरच्या थरांनाच. वरून गाडी जाणार असेल आणि खोली ९० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर पाइपाभोवती काँक्रीट घाला.

दोष फरशीखाली निघाला तर? तरीही फोडणं हा शेवटचा पर्याय. शक्य असेल तिथे मी जुनी लाइन दोन्हीकडून बंद करून भिंतीच्या बाहेरून नवी घालायला सांगतो, ती पुढे दुरुस्तही करता येते. दुसरा मार्ग म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेलं कापडी अस्तर आत फुगवून घट्ट करणं. ही पद्धत १९७१ मध्ये लंडनमध्ये एरिक वुड यांनी पहिल्यांदा वापरली आणि भेगा, सुटलेले जोड, मुळं यांवर ती खरोखर चांगली आहे. पण अस्तर पाइपाचाच आकार घेतं. पोट आलं असेल तर अस्तराला पण पोट येणार. कंत्राटदार कॅमेरा न लावता अस्तराचा भाव सांगत असेल तर त्याला थांबवा.

आता पुन्हा पाण्याच्या पाइपाकडे. ओल दिसते त्याच्या बरोबर खाली गळती असेलच असं नाही. पाणी पाइपाच्या चरातून उताराकडे वाहत जातं आणि जिथे माती सैल तिथे वर येतं, म्हणून पट्ट्याच्या वरच्या टोकापासून शोधा. धातूचा पाइप असेल तर रात्रीच्या शांततेत व्हॉल्व्हला लांब लोखंडी सळई टेकवून दुसरं टोक कानाशी धरा, गळतीची सूं ऐकू येते. प्लास्टिकच्या पाइपात आवाज लांब जात नाही. तिथे लाइन मधे तोडून, दोन्ही भागांना बूच लावून, हातपंप आणि गेजने दाब द्यावा लागतो. नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब दिल्यावर ज्या भागाचा काटा उतरतो, तो भाग उघडायचा.

जुन्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपाला आट्यांच्या जागी भोक पडलं असेल तर पट्टा-क्लॅम्प हा चार दिवसांचा आधार समजा. आटे पाडताना तिथलं जस्त निघून गेलेलं असतं आणि गंज बाहेरून खातो. एका जागी भोक पडलं की पुढचं जवळच तयार होत असतं. तो सगळा जमिनीखालचा भाग बदलून एचडीपीईचा (लवचिक प्लास्टिकचा) अखंड तुकडा टाका, म्हणजे जमिनीखाली एकही जोड राहणार नाही. ज्या जोडाला पर्याय नाही तो छोट्या चेंबरमध्ये, हाताला येईल असा ठेवा. नवा पाइप जुन्याच चरात घालू नका. ड्रेनेजपासून तो निदान तीन मीटर लांब न्या. छोट्या अंगणात ते जमत नसेल तर ड्रेनेजच्या अर्धा मीटर वरून न्या, आणि जिथे ओलांडावंच लागेल तिथे वरूनच आणि पाण्याच्या पाइपाला त्या जागी जोड न ठेवता.

जोडकाम झाल्यावर पाणी थेट प्यायला घेऊ नका. आधी शेवटचा नळ उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या. मग टाकी आणि लाइन निर्जंतुक करा: पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं, सुगंध किंवा साबण न मिसळलेलं द्रावण हजार लिटर पाण्याला एक लिटर या प्रमाणात टाकीत घाला. प्रत्येक नळातून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडा, मग सगळे नळ बंद करून २४ तास तसंच ठेवा. या काळात कोणी ते पाणी पिऊ नये, त्याने आंघोळ करू नये. नळांवर चिठ्ठ्या लावा, घरातल्या लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना वेगळं सांगा. दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी करा, पण ते पाणी सेप्टिक टँककडे सोडू नका, तिथले उपयोगी जिवाणू मरतात. ताज्या पाण्याने वास जाईपर्यंत धुवा. वास गेल्यावर शक्य असेल तर नळाचं पाणी प्रयोगशाळेत जिवाणूंसाठी तपासून घ्या, आणि अहवाल चांगला येईपर्यंत उकळूनच प्या.